घरातली समाजआरती

॥ पुंडलिक वरदा हरि विठ्ठल ॥

वारकरी वाचकहो, परमार्थाची खरी परीक्षा कोठे होते, असा प्रश्न आम्हांस गावोगावी विचारला जातो. कोणी म्हणतो ती एकादशीला होते, कोणी म्हणतो वारीच्या वाटेवर होते, कोणी म्हणतो वीणा गळ्यात घातल्यावर होते. या सर्व ठिकाणी थोडीफार होतेच. पण आमच्या समजुतीप्रमाणे खरी परीक्षा घराच्या उंबरठ्याच्या आत होते. एकादशीचा उपास एक दिवसाचा, वारी महिनाभराची. पण बायको, भाऊ, सून, मुलगा, म्हातारी आई यांच्याशी गाठ रोजची. तेथे ढोंग चालत नाही. तेथे बुक्का आणि गोपीचंदन पाहून कोणी फसत नाही.

वारीच्या वाटेवरचा आपला रिवाज पहा. सत्तर वर्षांचा म्हातारा वीस वर्षांच्या पोराच्या पायांवर डोके ठेवतो आणि ते पोरही त्याच क्षणी त्याच्या पायांशी वाकते. कोणाची जात कोणती, शेती किती, शिक्षण किती, काही विचारले जात नाही. पाण्याच्या टँकरपाशी गर्दी झाली तरी ‘माउली, जरा सरका’ असेच शब्द निघतात. वाट हवी तरी माउली, मीठ हवे तरी माउली, चुकून पायावर पाय पडला तरी माउली. ज्याचे नावही ठाऊक नाही त्याला आपण आई म्हणून हाक मारतो. केवढी मोठी गोष्ट आहे ही!

आणि घरी? त्याच तोंडाने सख्ख्या भावाला हाक मारवत नाही. बांध वीतभर सरकला म्हणून दहा-दहा वर्षे बोलणे बंद. बहिणीने वाटा मागितला म्हणून दिवाळीची चोळी बंद. सुनेने उलट उत्तर केले म्हणून सासूने वेगळी चूल मांडलेली. बाप आणि लेक एका घरात राहतात, पण निरोप मधल्या नातवाच्या तोंडून जातो. गळ्यात माळ आहे, दारात तुळस आहे, भिंतीवर पांडुरंग आहे आणि पांडुरंगाच्या देखत ही सगळी अबोल माणसे जेवत आहेत. अहो, परक्याच्या पायी लागायला धैर्य लागत नाही. त्याने आपले काही घेतलेले नसते. ज्याने आपले मन दुखावले त्याच्यापुढे वाकायला धैर्य लागते.

यावर काही मंडळी मोठे वेदान्ताचे उत्तर देतात. म्हणतात, ‘महाराज, नाती ही सगळी मायिक. ती तुटली काय आणि राहिली काय! आपण नाम घ्यावे.’ हे बोलणे ऐकायला गोड आहे, पण ते आपल्या संप्रदायाचे नव्हे. आपल्या संतांची घरे डोळ्यांपुढे आणा. नामदेवरायांच्या घरी दामाशेटी आणि गोणाई, राजाई, मुले, सुना आणि जनाबाई. चोखोबांच्या घरी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा. गोरोबाकाकांचे चाक तेरच्या अंगणात फिरत होते, सावतोबांचा मळा अरणला पिकत होता. यांनी घर सोडून देव मिळविला नाही. घरातल्या माणसांसकट ते देवाकडे गेले. नाती खोटी म्हणून ती मोडायची मुभा संतांनी कोणाला दिलेली नाही.

फार कशाला, आपला देव विटेवर उभा कशामुळे आहे? पुंडलिकामुळे. आणि पुंडलिकाची कथा नीट ऐकली तर ती पहिल्यापासून मातृपितृभक्ताची कथा नाही. तो आधी आईबापांना छळणारा मुलगा होता, असेच आपली परंपरा सांगते. पुढे कुक्कुटस्वामींच्या आश्रमात त्याला आपल्या वागण्याची लाज वाटली, तो माघारी फिरला आणि सेवेला लागला. देव दारी आला तेव्हा हातातली सेवा सोडून तो उठला नाही. वीट सरकवली आणि थांबायला सांगितले. देव रागावला नाही, थांबला. आजही थांबलेलाच आहे. म्हणजे बिघडलेले नाते एका मुलाने दुरुस्त केले, आणि त्या दुरुस्तीच्या जागेवर आपली पंढरी उभी राहिली. ज्यांना वाटते की आता फार उशीर झाला, आता घडी बसायची नाही, त्यांनी पुंडलिकाकडे पाहावे.

पण या पुंडलिकाच्या भूमीत आज काय चालले आहे? आईवडिलांचा आणि ज्येष्ठांचा निर्वाह मुलांनी करावा म्हणून आपल्या देशात २००७ साली कायदा करावा लागला. प्रांताच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करून म्हाताऱ्याने मुलाकडून पोटगी मागावी, अशी त्यात सोय आहे. कायदा चांगला आहे. ज्याला गरज असेल त्याने लाज न धरता त्याचा आधार घ्यावा. पण माळकऱ्याच्या घरातल्या आईवर ती कचेरी शोधण्याची पाळी आली, तर त्या मुलाने चंद्रभागेत किती बुड्या मारल्या याचा हिशेब पांडुरंग ठेवणार नाही.

असो. दोष दाखविणे सोपे असते. नाते जुळावे कसे आणि जुळलेले टिकावे कसे, हे आपल्या परंपरेत कोठे सांगितले आहे ते आता पाहू. त्यासाठी लांब जावे लागत नाही. वारीतच एक रिवाज आहे, तो आपण रोज पाहतो आणि रोज विसरतो. तो म्हणजे समाजआरती.

ज्ञानोबारायांच्या पालखीबरोबर जे चालतात त्यांना हे नवे नाही, इतरांसाठी सांगतो. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत घालून वारीला सोहळ्याचे रूप दिले. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. हैबतबाबा हे शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. फौज कशी चालवावी हे त्यांना ठाऊक होते. पण त्यांनी या सोहळ्याला जी शिस्त दिली ती धाकाची नव्हती. दिवसभराची चाल संपली की पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात. टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार आपला चोप वर करतात आणि क्षणात हजारो टाळ गप्प होतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ थांबवीत नाही, वाजवीतच राहते. सगळीकडे शांतता आणि एकाच कोपऱ्यातून टाळांचा आवाज. चोपदार चालत त्या दिंडीपाशी जातात आणि काय झाले ते विचारतात. क्रम चुकला असेल, कोणी मध्ये घुसले असेल, काही कमीजास्त झाले असेल, ते ऐकून घेतले जाते, निवाडा होतो आणि ते टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्याचे पुकारे होतात, उद्या किती वाजता निघायचे ते सांगितले जाते आणि आरती होते.

वाचकहो, या रिवाजात घर चालविण्याचे सगळे शास्त्र भरलेले आहे.

पहिली गोष्ट अशी की, तक्रार असणे हा गुन्हा मानलेला नाही. इतक्या माणसांनी रोज इतकी वाट एकत्र चालायची म्हणजे कोणाचा धक्का कोणाला लागणारच. घरातही लागणार. ज्या घरात भांडण कधीच होत नाही त्या घराचे आम्हांला भय वाटते. तेथे कोणीतरी एकजण सगळे गिळून बसलेला असतो. बहुधा ती घरची सून असते.

दुसरी गोष्ट, तक्रार त्याच दिवशी सांगायची. आज सासवडच्या तळावरची कुरकूर वाखरीला काढायची नाही. आमच्या घरांत नेमके उलट चालते. लग्नातला मानपान वीस वर्षांनी मुलीच्या लग्नात निघतो. आजोबांनी म्हैस कोणाला दिली यावरून नातू भांडतात. रोजच्या रोज केर काढला तर झाडू पुरतो. वीस वर्षांचा केर साचला की खोरे लागते.

तिसरी गोष्ट, तक्रार सगळ्यांच्या देखत, पण योग्य माणसापाशी सांगायची. दिंडी टाळ वाजविते, शेजारच्या दिंडीच्या कानात कुजबुजत नाही. सुनेविषयीचे गाऱ्हाणे विहिरीवर, भावाविषयीचे पारावर, नवऱ्याविषयीचे माहेरी, आणि हल्ली तर मोबाईलवर सगळ्या गोतावळ्याला एकदम! ज्याला सांगायचे तो सोडून बाकी सगळ्यांना ते कळते. आणि त्याच्यापर्यंत पोचते तेव्हा त्याला तिखटमीठ लागलेले असते.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. चोपदार त्या दिंडीला समोर बोलावून घेत नाहीत, ते स्वतः चालत तिच्यापाशी जातात. मोठेपणा ज्याच्या हाती आहे त्याने चालायचे. घरात चोप कोणाच्या हाती असतो? बापाच्या, सासूच्या, थोरल्या भावाच्या. त्यांना वाटते, धाकट्याने येऊन पाय धरावे. पण वारीचा रिवाज सांगतो की मोठ्याने उठावे आणि विचारावे, ‘बाळ, काय झाले?’ आणि उत्तर मिळेपर्यंत बाकीच्यांनी गप्प राहावे. मध्ये बोलू नये, वकिली करू नये. माणसाचे अर्धे दुःख कोणीतरी पुरते ऐकून घेतले की उतरते.

आता कोणी म्हणेल, मोठ्यानेच जावे हे ठीक. पण मोठाच रुसून बसला तर? त्याचेही उत्तर आळंदीत आहे. लोकांच्या बोलण्याने मन दुखावले म्हणून ज्ञानोबाराय झोपडीची ताटी लावून आत बसले, असे परंपरा सांगते. संन्याशाची पोरे म्हणून त्या चौघा भावंडांनी काय सोसले ते आपण जाणतो. तेव्हा त्यांचे रुसणे अकारण नव्हते. त्या वेळी बाहेर कोण उभे राहिले? सर्वांत धाकटी मुक्ताबाई. तिने जी विनवणी केली ती ताटीचे अभंग म्हणून आपल्या नित्य म्हणण्यात आहे. मुक्ताबाईने दार ढकलले नाही, आणि भाऊ रुसला म्हणून निघूनही गेली नाही. तिने त्याला त्याच्या मोठेपणाची आठवण करून दिली. तू असा नव्हेस, तू फार मोठा आहेस, हे तिने सांगितले. रुसलेल्या माणसाला ‘तू असाच आहेस, पहिल्यापासून असाच’ असे म्हटले की आतली कडी आणखी घट्ट बसते. त्याच्यातला चांगुलपणा त्याला दाखविला की दार आतूनच उघडते. आमच्या मायबहिणींनो आणि घरातल्या धाकट्यांनो, वय लहान म्हणून तुमचा अधिकार लहान नाही.

नाते तुटण्याची कारणे शोधू लागलो तर दहांतली बहुतेक जमीन आणि पैसा यांपाशी येऊन थांबतात. येथे तुकोबारायांचे वागणे ध्यानात ठेवावे. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ, घरात अन्नाविना माणसे गेलेली, सावकारी बुडालेली. मन विरक्त झाले आणि तुकोबाराय डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधीत आले. पुढे इंद्रायणीच्या काठी तुकोबांनी लोकांकडील येण्याची खतपत्रे आणविली. महिपतींनी ही कथा सांगितली आहे. आपल्याला वाटते, त्यांनी सगळी खते नदीत बुडविली. तसे नव्हे. त्यांनी आधी दोन वाटे केले. अर्धी खते कान्होबांच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी इंद्रायणीत सोडली.

यात किती विवेक आहे पहा! माझे वैराग्य माझे आहे. ते भावाच्या मुलाबाळांच्या ताटातून मी काढू शकत नाही. पुष्कळ माणसे देवाधर्माच्या नावाने घरच्यांवर सक्ती करतात. स्वतःला वारीला जायचे म्हणून बायकोचे डोरले गहाण टाकतात. सप्ताहाला मोठी वर्गणी देतात आणि मुलीची फी थकवितात. दान करायचे ते आपल्या वाट्याचे करावे. दुसऱ्याच्या वाट्याचे दान ही चोरीच होय.

हाच न्याय बहिणीच्या वाट्याला लावा. महाराष्ट्रात १९९४ साली आणि सबंध देशासाठी २००५ साली वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क जन्मतःच मिळाला. तेव्हापासून गावोगाव एक कागद हिंडतो, हक्कसोडपत्र. बहिणीने आपल्या खुशीने, समजून, हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण ‘सही कर, नाहीतर माहेर तुटले’ असे म्हणून घेतलेली सही ही सही नव्हे. आम्हांला भाऊ विचारतात, ‘महाराज, बहिणीनं वाटा मागितला, आता नातं कसं राहील?’ आम्ही उलट विचारतो, नाते वाट्यावाचूनच टिकणार असेल, तर तिच्या भावाला वाट्यावाचून राहायला काय हरकत आहे? पंचवीस गुंठ्यांवर जे तुटले ते गुंठ्यांएवढेच होते. बहिणीशी मोकळे बोला, कर्ज किती, उत्पन्न किती, आईचे औषधपाणी कोण पाहतो, सगळे तिच्यापुढे मांडा. झाकलेल्या सातबाऱ्यातून जेवढी भांडणे निघतात तेवढी उघड्या सातबाऱ्यातून निघत नाहीत.

तुकोबांची गोष्ट निघाली म्हणून जिजाईंविषयीही दोन शब्द. काही कथेकरी जिजाईंना कजाग ठरवून श्रोत्यांना हसवितात. आम्हांला ते रुचत नाही. दुष्काळातून वर आलेले घर, पदरी लेकरे, घरात येईल ते वाटून टाकणारा नवरा, आणि तरीही ही माउली रोज भाकरी घेऊन डोंगर चढून जात होती. नवऱ्याच्या पोटात अन्न गेल्याशिवाय तिच्या पोटात जात नव्हते. तिच्या पायात काटा रुतला तेव्हा खुद्द पांडुरंगाने तो काढला, ही कथा आपण भक्तीने सांगतो. मग जिच्या पायाला देवाने हात लावला तिला आपण कोण हसणार? नवरा वारीला निघतो तेव्हा पेरणी, गुरे, दूध, मुलांची शाळा, सासऱ्याचा दमा, हे सगळे जी सांभाळते तिची वारी घरातच चालू असते. तेव्हा वारकऱ्याने परत आल्यावर चुरमुऱ्याचा प्रसाद हातावर ठेवून थांबू नये. ‘तुझ्यामुळे मला जाता आले,’ हे तोंडाने म्हणावे. आमच्या पुरुषांना हे शब्द फार जड जातात. आणि पुढच्या वर्षी डोक्यावर तुळस घेऊन तिला पाठवावे, घर आपण सांभाळावे.

बापलेकांचे तंटे आज घरोघर आहेत. लेक शिकला, शहरात गेला, त्याचे विचार निराळे झाले. हे दुःख नाथमहाराजांच्या पैठणच्या वाड्यातही होते. त्यांचे चिरंजीव हरिपंडित मोठे शास्त्री. वडिलांनी मराठीत पुराण सांगावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्यांना पटेना. ते रुसून काशीला गेले. नाथमहाराज त्यांना आणायला गेले आणि मुलाच्या अटी त्यांनी मान्य केल्या. पुराण संस्कृतात, आणि परान्न बंद. विचार करा, ज्यांच्या वाणीला सारे पैठण लोटत होते त्यांनी मुलासाठी आपली वाणी आवरली! श्रोते कमी झाले, तरी नाथांनी मुलाला टोचून बोलले नाही. पुढे एका गरीब बाईच्या सहस्रभोजनाच्या संकल्पाच्या वेळी, एका पत्रावळीखाली दुसरी निघत गेल्याची कथा आहे. तेव्हा हरिपंडितांचे डोळे उघडले. चमत्कार ज्याला मानायचा त्याने मानावा. आम्हांला त्याआधीचे नाथांचे थांबणे अधिक मोठे वाटते. बापाने वादात मुलाला हरविले असते, तर मुलगा काशीलाच राहिला असता. नाथांनी वाद हरून मुलगा घरी आणला आणि बाकीचे काळावर सोपविले.

मात्र सबुरी म्हणजे सत्य गिळणे नव्हे. गोरोबाकाकांनी संतमंडळींची मडकी थापटून पाहिली आणि नामदेवरायांचे मडके कच्चे ठरले, ही कथा आपण नेहमी ऐकतो. नामदेवांना राग आला, देवाकडे गाऱ्हाणे गेले. पण राग उतरल्यावर ते विसोबा खेचरांकडे गेले आणि पुरते भाजून निघाले. पुढे त्या मंडळींचा स्नेह तुटला नाही, उलट वाढला. आपला मित्र दारूला लागला, भाऊ जुगारात बसू लागला, कीर्तनकार पैशासाठी हटून बसू लागला, तर थापटून सांगणारा एक तरी गोरोबा जवळ हवा. थापटताना कुंभाराचा एक हात आत असतो, हे मात्र विसरू नये. आतून आधार देऊन बाहेरून थापटले तर मडके घडते. आधार न देता थापटले तर फुटते.

येथेच एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. नाते टिकवा, असा उपदेश केला की पुष्कळदा त्याचा भार मार खाणाऱ्या बाईवरच टाकला जातो. ‘सोस, देव पाहतो आहे,’ असे तिला सांगितले जाते. हा संतांचा उपदेश नाही. दारू पिऊन हात उगारणाऱ्याच्या गळ्यातली माळ त्याने स्वतःच तोडलेली आहे. अशा घरात समाजआरतीचे टाळ त्या बाईने थांबवू नयेत. ऐकणारा भेटेपर्यंत वाजवावे. माहेरच्यांनी, शेजाऱ्यांनी, दिंडीच्या विणेकऱ्याने चोपदारासारखे तिच्यापाशी चालत जावे. स्त्रियांना घरातल्या छळापासून संरक्षण देणारा कायदा २००५ सालीच झालेला आहे. त्याचा आधार घेतला म्हणून घराण्याचे नाक कापले जात नाही. नाक मारणाऱ्यानेच कापलेले असते.

आता शेवटची अडचण. ‘आम्ही तयार आहोत हो, पण समोरचा बोलत नाही!’ एका गावी आम्ही काल्याच्या कीर्तनाला गेलो होतो. तेथले दोघे सख्खे भाऊ, दोघेही जुने माळकरी, एकाच दिंडीत चालणारे. थोरला पुढच्या ओळीत टाळ घेऊन, धाकटा चार ओळी मागे. बांधावरून बोलणे बंद होऊन चौदा वर्षे झालेली. काल्याच्या आदल्या रात्री आम्ही थोरल्याला म्हटले, ‘उद्या काला त्याच्या हातून घ्या.’ तो म्हणाला, ‘म्हाराज, त्येनं यावं आधी. म्या थोरला हाय.’ धाकट्याला विचारले तर तो म्हणाला, ‘चूक त्याची हाय, मी का जावं?’ काला झाला, लाह्या सगळ्या गावाने एकमेकांच्या तोंडात घातल्या, ते दोघे दोन खांबांपाशी उभे राहिले. त्या वर्षीच्या कार्तिकीच्या आत थोरला गेला. धाकट्याने त्याच्या तोंडात पाणी घातले ते शेवटचे. नंतर तो आम्हांला म्हणाला, ‘म्हाराज, बांध अजून तिथंच हाय.’ यापुढे त्याला बोलवले नाही आणि आम्हांलाही.

आधी कोणी जावे, हा प्रश्न वारीने केव्हाच सोडविला आहे. वेळापूरहून भंडीशेगावकडे जाताना टप्पा येथे माउलींची पालखी आणि सोपानकाकांची पालखी यांची बंधुभेट होते. एक आळंदीहून आलेली, एक सासवडहून. दोन्ही सोहळे एकमेकांसमोर येतात, मानकरी श्रीफळ देतात-घेतात, आणि ती भेट पाहून धीट माणसांच्याही डोळ्यांना पाणी येते. कोण आधी आले हे तेथे कोणी मोजीत नाही. दोन्ही पालख्यांचे तोंड पंढरीकडे आहे, म्हणून वाटेत भेट होतेच. ज्या दोन भावांचे तोंड पांडुरंगाकडे आहे त्यांची वाट कोठे ना कोठे एक झालीच पाहिजे. होत नसेल तर दोघांपैकी एकाचे तोंड दुसरीकडे आहे, आणि तो एक कोण हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे.

चोखोबाराय मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना १३३८ साली कूस कोसळून गेले. नामदेवराय तेथे गेले, ढिगाऱ्यातून आपल्या मित्राच्या अस्थी वेचल्या आणि महाद्वारापाशी आणून ठेवल्या. नामदेवांनी हे प्रेम जिवंतपणीही दिले होते, म्हणून त्या अस्थी हाती घ्यायला त्यांचा हात कापला नाही. आपण मात्र जिवंतपणी तोंड फिरवितो आणि दहाव्याला गावजेवण घालतो. कावळा शिवत नाही म्हणून मग घाटावर ताटकळतो. जो दर्भाच्या कावळ्यापुढे हात जोडतो त्याने तेच हात वर्षभर आधी जोडले असते तर!

तेव्हा भाविकहो, आमची विनंती थोडी आहे. येत्या एकादशीच्या रात्री घरातले सगळे एकत्र बसावे. हरिपाठ म्हणावा. हरिपाठ झाला की टाळ खाली ठेवण्यापूर्वी घरातल्या मोठ्याने विचारावे, ‘कोणाचे काही आहे का?’ ज्याचे असेल त्याने सांगावे, बाकीच्यांनी ऐकावे, चुकले असेल त्याने कान धरावा, आणि मग आरती करावी. पहिल्या दिवशी कोणी बोलणार नाही, हसतील. दुसऱ्या एकादशीला लहान पोर काहीतरी बोलेल. तिसऱ्या एकादशीला सून बोलेल. त्या दिवशी मोठ्यांनी गप्प राहून ऐकले, तर त्या घरात समाजआरती सुरू झाली असे समजावे.

आणि ज्याचे बोलणे कोणाशी बंद असेल त्याने पुढच्या वारीचे प्रस्थान ठेवण्याआधी एका दाराशी जाऊन यावे. हातात काही नको. दार उघडले तर आत जावे. न उघडले तर ‘माउली’ एवढे म्हणून परत यावे आणि पुढच्या एकादशीला पुन्हा जावे. तेवढ्या चालण्याने अंगावरचे ओझे उतरेल आणि पंढरीची वाट हलकी होईल. पांडुरंग अठ्ठावीस युगे थांबला आहे. माणसाच्या हाती तेवढी युगे नाहीत.

॥ राम कृष्ण हरि ॥